दोन उलटे रिपोर्ट आणि माझे थरथरते हात

मी दारू पीत नाही. गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं. न पिणाऱ्याला असं सांगत फिरावं लागत नाही, आणि पिणारा तर नेमकं हेच सांगतो.

मला झालं होतं ते थायरॉइडचं दुखणं. गळ्यात अशी काही ग्रंथी असते हे मला माहीत नव्हतं. बायकांना होतं, वजन वाढतं, एवढंच ऐकून होतो. आता बरा आहे. हे लिहितोय ते अशासाठी, की कोणाच्या हातात असा रिपोर्ट पडला तर त्याने दिसेल त्याच्यावर माझ्यासारखा संशय घेत फिरू नये.

माझं नाव प्रवीण. मूळचा गंजाडचा, राहायला डहाणूत. शाळेची व्हॅन चालवतो. धाकटी डहाणू गावापासून मुलं घेत घेत शाळेत सोडायची, दुपारी पुन्हा घरोघर. बायको संगीता घरी शिवणकाम करते. तिचं माहेर तलासरीकडचं, उधव्याचं. मुलगी मनाली नववीत आहे.

दाढ समजून

नाताळच्या सुट्टीत ताप आला. घरोघरी चालू होता तसाच. चार दिवसांत गेलाही, पण गळ्याचं दुखणं मागे राहिलं. गिळताना दुखायचं, मग ते जबड्यात चढायचं आणि तिथून कानात. मला वाटलं दाढ. दातांच्या डॉक्टरने तोंडात बॅटरी मारून सगळ्या दाढा ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "दात चांगले आहेत तुमचे." मी मनात म्हटलं, याला काही कळत नाही.

मग हळूहळू बाकीचं सुरू झालं. शाळा उघडली तेव्हा सकाळी मुलं स्वेटर घालून यायची आणि माझा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असायचा. दोन भाकऱ्यांच्या जागी चार खायचो, तरी पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. नुसतं बसलेलो असलो तरी छातीत धडधड, जणू आत्ताच कोणीतरी मागे लागलं होतं. आणि राग! मागच्या सीटवर मुलं गाणी म्हणायची, ती मला आधी आवडायची. आता वाटायचं, एकेकाला खाली उतरवावं.

हात थरथरायला लागले ते याच दिवसांत. चहाचा कप बशीत ठेवताना टकटक वाजायचा. मी कप दोन्ही हातांनी धरायला लागलो.

संगीताने एकदा जेवताना विचारलं, "खरं सांगा. घेता का?"

"काय घेतो?"

"तुम्हाला माहितीय काय."

मी ताट पुढे ढकलून उठलो. मनाली समोर बसली होती. त्यानंतर ती मला पाणी द्यायला यायची तेव्हा उगाच जवळ वाकायची. चार-पाच वेळा तसं झाल्यावर लक्षात आलं, पोरगी माझ्या तोंडाचा वास घेतेय.

गाडी दुसऱ्याला दे

गळ्यामुळे तोंडाची चव गेली होती म्हणून मी खिशात बडीशेप ठेवायचो. एका सकाळी पारुलबेनचा मुलगा गाडीत चढत होता. पारुलबेन फाटकापर्यंत आल्या होत्या. मी दार सरकवलं आणि त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"प्रवीणभाई, तब्येत ठीक छे ने? हात केम असे हलतात?"

"थंडी आहे ना, बेन."

"थंडी?" त्या माझ्या घामाने भिजलेल्या कपाळाकडे बघत राहिल्या. "आणि आ बडीशेप?"

त्या आठवड्यात तीन मुलं यायची थांबली. मग शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. बाई चांगल्या आहेत. माझी व्हॅन त्यांच्याच सांगण्यावरून शाळेला लागली होती. त्या दिवशी त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"प्रवीण, काही दिवस गाडी दुसऱ्याला दे."

"का, बाई? काय केलं मी?"

"तुझी तब्येत बरी नाही."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ते विचारू नकोस. मुलांचा प्रश्न आहे."

"बाई, मी पीत नाही. वास घ्या पाहिजे तर."

त्यांनी मान वळवली. "आधी डॉक्टरकडे जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझी मुलं किसनच्या गाडीत होती. किसन आमच्या गंजाडच्याच पाड्यावरचा. तलासरीकडच्या कंपन्यांतल्या कामगारांची ने-आण करायचा, ते काम सुटलं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि त्यावरूनच मी बाकीचं सगळं जुळवलं. याने आधी पालकांचे कान भरले, मग बाईंचे, आणि आयता रूट घेतला. हे गणित मला इतकं पटलं की तपासून बघायची गरजच वाटली नाही.

कागद

डॉक्टरकडे गेलो तो आजारासाठी नव्हे. मी पीत नाही असं लिहून मिळावं म्हणून गेलो. डहाणूतल्याच एक डॉक्टरबाई. बाहेर बाकावर तासभर बसलो होतो, आणि शेजारचा प्रत्येक जण माझ्या हातांकडेच बघतोय असं वाटत होतं. हात मांड्यांखाली दाबून बसलो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दारू घेता?"

"नाही."

"बरं," म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते तोंडातच राहिलं. इतक्या दिवसांत एकदाच विचारून उत्तर मान्य करणारं हे पहिलं माणूस. मला एकदम रडू यायला लागलं. तेही आजाराचंच असावं, कारण त्या दिवसांत मला कशानेही रडू यायचं.

त्यांनी हात समोर पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग मागे उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला. एका जागी बोट टेकलं आणि मी ओरडलो. दाढेचं म्हणून जे दुखत होतं ते सगळं त्या बोटाखाली होतं.

"मध्ये ताप येऊन गेला का?"

"सुट्टीत आला होता. पण तो सगळ्यांनाच आला होता."

"रक्त तपासू या."

लॅबमधल्या मुलीने नाव पुकारलं, "प्रवीण!" आणि आम्ही दोघं उठलो. दुसरा प्रवीण म्हातारा होता, काठी टेकत आलेला. मुलगी हसली, आडनावं विचारली, आधी त्याचं रक्त घेतलं, मग माझं. दोन्ही नळ्या एकाच ट्रेमध्ये. मी त्या ट्रेकडे बघतच राहिलो.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. टीएसएच जवळजवळ शून्य, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण. टी-फोरपुढे वर जाणारा बाण. बाहेर उभा राहून मोबाइलवर शोधलं. पाच मिनिटांत मला सात आजार झाले, त्यातला एक कॅन्सर. मोबाइल बंद केला, पण तो शब्द काही बंद होईना.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "थायरॉइड रक्तात जास्त झालंय."

"पण इथे तर कमी लिहिलंय."

"कमी आहे ते टीएसएच. ते म्हणजे थायरॉइड नव्हे. ती मेंदूने दिलेली ऑर्डर आहे, माल पाठवा म्हणून. दुकानात माल उतू जात असेल तर मालक ऑर्डर देईल का? म्हणून टीएसएच खाली. खरा माल म्हणजे हा टी-फोर. तो वर आहे बघा."

मला वाटलं, ही बाई मला गुंडाळतेय. कमी म्हणजे जास्त, हा कुठला हिशोब?

त्या पुढे बरंच बोलल्या. तापानंतर या ग्रंथीला सूज येते कधीकधी. तुमची ग्रंथी जास्त माल बनवत नाहीये, सुजेमुळे आतला साठा गळतोय. म्हणून ती दाबायच्या गोळ्या नकोत. सुजेची एक आणि धडधडीची एक, एवढ्याच. सूज दाखवणारी आणखी एक साधी रक्ततपासणी करून घेऊ. आणि हात स्थिर होईपर्यंत गाडी चालवायची नाही. यानंतर आणखीही काही सांगत होत्या, पण "गाडी" शब्द आला आणि माझं लक्ष किसनकडे गेलं. ते पुढचं मी ऐकलंच नाही. ते ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

"आणि कॅन्सर?" मी शेवटी विचारलं.

"तसं काही दिसत नाही. मोबाइल खिशात ठेवा."

घरी आल्यावर संगीताने रिपोर्ट दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, "यात दारूचं आलं असतं का?"

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. ती मशीनवर जाऊन बसली, पण मशीन चालवलं नाही.

आता उलटं

गोळ्यांनी गळा आठवड्यात मोकळा झाला. धडधड कमी झाली, मग हातही. शिमग्याला मी पुन्हा एका हाताने कप धरला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. आई गंजाडहून आली होती. तिच्या मते कोणीतरी काहीतरी केलं होतं आणि ते आता उतरलं होतं. मी तिला नाही म्हटलं नाही. मलाही एका माणसाचं नाव सुचत होतंच.

पण गाडी परत मागायला जाईपर्यंत तब्येत जागेवर थांबली नाही, पुढे निघून गेली. झोप पुरेना. दुपारचं ऊन तापलेलं आणि मी चादर ओढून पडलेला. डोळ्यांखाली सूज, आवाज जाड, दोन जिने चढलो तर पाय शिशाचे. भूक नाही तरी पॅन्ट घट्ट. आणि मनात काही येईचना. आधी राग यायचा, आता तोही यायचा कंटाळा.

डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या वेळी पुन्हा रक्त दिलं. या वेळी टीएसएच वर, चांगलंच वर. टी-फोर खाली. दोन्ही बाण उलटे फिरलेले.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. माणूस एक, गळा एक, लॅब एक, आणि दोन महिन्यांत सगळं उलटं. मला एकदम तो काठीवाला प्रवीण आठवला. म्हणजे पहिला रिपोर्ट त्याचा होता! त्याच्या रिपोर्टावर माझी गाडी अडकून राहिली, त्याच्या रिपोर्टाच्या गोळ्या मी खाल्ल्या आणि त्यानेच मला हे झालं.

लॅबमध्ये जाऊन मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आवाज जाड झाल्यामुळे ते आणखी वाईट ऐकू आलं असणार. त्या मुलीने शांतपणे दोन्ही कागदांवरचं वय दाखवलं. दोन्हींवर माझंच होतं. "काका, खात्री नसेल तर दुसरीकडे करून बघा. राग नाही येणार मला."

मी तलासरीला जाऊन दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा थोडा इकडेतिकडे, बाण तेच. मग माझा संशय डॉक्टरबाईंवर गेला. दोन्ही लॅबचे कागद त्यांच्या टेबलावर टाकले.

"हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की आधी जास्त होईल, मग कमी होईल. साठा गळून गेला, दुकान रिकामं झालं. ग्रंथी अजून सुजेतून उठतेय, नवा माल लगेच बनत नाही. म्हणून मेंदू ऑर्डरवर ऑर्डर पाठवतोय. टीएसएच वर गेलं ते त्यामुळे. पहिला रिपोर्ट खरा होता, हाही खरा आहे. आजार एकच आहे, तो पुढे सरकलाय."

मी विचारलं, "हे आता कायमचं?"

"बहुतेकांचं आपोआप जागेवर येतं. काहींचं येत नाही, मग त्यांना रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. तुमचं कुठलं, ते मी आज सांगितलं तर अंदाज सांगेन. थोडे आठवडे थांबून पुन्हा बघू."

मला राग आला की या बाई "नक्की" हा शब्द का वापरत नाहीत. आता वाटतं, त्या सगळ्या दिवसांत नक्की नसलेलं नक्की म्हणून न सांगणारं माणूस तेवढं एकच होतं. मी स्वतः तर रोज काहीतरी नक्की करत होतो.

गंजाडला

लॅब सुटली, डॉक्टर सुटल्या. राहिला किसन. शेअर रिक्षा करून मी गंजाडला गेलो. तो मिरचीच्या वाफ्यांना पाणी सोडत होता.

"ये दादा, बस. केवढा सुजलायस."

"बसायला नाही आलो. बाईंना काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"मी? काही नाही."

"पितो म्हणून सांगितलंस. रूट पाहिजे होता ना तुला?"

किसनने नळीचं तोंड दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि हात पुसले. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"दादा, मला बाईंचा फोन नंतर आला. आधी वहिनीचा आला होता."

"कुठली वहिनी?"

"संगीतावहिनी. रडत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, काही दिवस मुलांना तुम्ही न्या, बाकी कोणावर माझा विश्वास नाही." नळी उचलत म्हणाला, "तुला सांगू नको म्हणाल्या होत्या. पण तू असा आलास, मग काय करू?"

परतीच्या रिक्षात मी मागे बसलो होतो. इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतला, आणि जी माझ्या शेजारी बसून जेवत होती तिच्यावर एकदाही घेतला नव्हता.

संगीता

ती मशीनवर होती. मी दारातूनच म्हटलं, "किसनकडे जाऊन आलो."

तिने मशीन थांबवलं. तिला कळलं.

"बाईंकडे तू गेली होतीस?"

"हो."

"मी पितो म्हणून सांगितलंस?"

"हो."

ती खाली बघत नव्हती. माझ्याकडेच बघत सांगत होती. "त्या दिवशी बाजारात जायला तुमच्याबरोबर आले होते. मुलं सोडून झाली होती. खाडीकडच्या वळणावर ती स्कूटरवाली बाई आली, आठवतं? तुमचा पाय ब्रेकवर थरथरत होता. दोन बोटांवर वाचली ती. आणि तुम्ही हसलात. मुलं तेव्हा गाडीत असती तर?"

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. तुम्ही ताट ढकललंत." मग म्हणाली, "बाबांचे हात असेच हलायचे. उधव्याहून सिल्वासाच्या बाजूला, दारू स्वस्त मिळते तिथे, जाऊन यायचे आणि रोज सांगायचे, घेतली नाही. आईने शेवटपर्यंत खरं मानलं. मला तसं करायचं नव्हतं."

"आणि रिपोर्ट आल्यावर?"

"तेव्हा सांगायचं होतं. तुम्ही कागद ओढून घेतला. मग रोज वाटायचं, आज सांगीन. दारूचं मी चुकले. पण हातांचं नाही चुकले."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. वाक्यंही जमवून ठेवली होती. पण डॉक्टरबाईंनी जे आजार ओळखून सांगितलं होतं, तेच हिने आजार न ओळखता सांगितलं होतं: याला गाडी देऊ नका. मी आत जाऊन चादर ओढली.

बरेच दिवस आम्ही मीठ-तेलापुरतं बोललो. मनाली दोघांच्या मध्ये बसून जेवायची. एक दिवस तिने मला पाणी दिलं आणि मुद्दाम लांबूनच दिलं, हात पूर्ण पसरून. मी हसलो, तीही हसली, आणि मग संगीताने तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून घरात आवाज परत आले.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी

मी डॉक्टर नाही. पण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड कमी असं नसतं. बहुतेक वेळा ते उलटं वाचायचं, आणि त्याच्या शेजारचा टी-फोर बघितल्याशिवाय वाचायचंच नाही. एक रिपोर्ट म्हणजे त्या दिवसाची हकिगत. पुढच्या वेळी जाताना जुना कागद बरोबर न्या. आधी ताप आला होता का, गळा दुखला का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे न विचारता सांगा. शेजारणीला थायरॉइड आहे म्हणून तिची गोळी घेऊ नका, आणि स्वतःची मनाने बंद करू नका. संशय आला तर दुसरीकडे तपासून घ्या, त्यात गैर काही नाही. मात्र तिथेही तेच आलं तर मग ऐका. आणि डॉक्टर बोलत असताना मनात दुसऱ्याशी भांडू नका.

घरातल्यांसाठी एवढंच, की थरथरणाऱ्या हातांना एकच कारण नसतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी

जूनमध्ये तिसरा रिपोर्ट आला. दोन्ही आकडे आपापल्या जागी होते, बाण नव्हते. मी तो कागद उलटून मागचं पानही बघितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. तरी काही महिन्यांनी परत बघू." मी का म्हणून विचारलं नाही.

मोठ्या बाईंनी बोलावलं, या वेळी बसायला सांगितलं. निम्मी मुलं किसनकडेच राहणार होती, कारण त्यांच्या घरच्यांना तेच बरं वाटत होतं. पारुलबेनने मुलाला माझ्याकडे पाठवायचं ठरवलं, पण पहिले काही दिवस त्या स्वतः स्कूटरवरून मागे येणार होत्या. पूर्वी मला याचा राग आला असता. खरं सांगायचं तर थोडा आलाच.

आदल्या दिवशी सकाळी संगीता आणि मी व्हॅन धुवायला काढली. ती आतून सीट पुसत होती, मी काचा. मध्येच मी विचारलं, "पुन्हा कधी माझे हात असे हलताना दिसले तर?"

"तर बाईंना सांगेन."

"आणि मला?"

तिने फडकं पिळलं आणि पुढची सीट पुसायला घेतली.

"आधी तुम्हाला. पण बाईंना सांगेनच."